अंदाजे

एकतीस वर्षं मी वॉर्ड ऑफिसात जन्म नोंदवले.
तारीख, वेळ, बापाचं नाव, आईचं नाव.
खाडाखोड चालायची नाही.
एका बापानं हात जोडले होते,
वेळ सकाळची लिहा हो, पत्रिका सुधारेल,
त्याच्यासाठीसुद्धा पेन हललं नाही.

निवृत्तीनंतर दुपारी फार लांबल्या.
आठ शनिवार प्रशिक्षण घेतलं, गळ्यात ओळखपत्र आलं:
बाल कल्याण समितीपुढे मुलाच्या बाजूनं बोलणारी स्वयंसेवक.
(फोटोत मी रागावलेली दिसते. असू दे.)
तीन नियम पाठ करून घेतले:
वचन द्यायचं नाही, खाऊ द्यायचा नाही,
माझा मुलगा म्हणायचं नाही.

पहिलीच फाइल. सर्जेराव. वय अंदाजे नऊ.
मनगटाचा एक्स-रे काढून हाडांना विचारलं होतं,
हाडंही नीट बोलली नव्हती.

मानखुर्दच्या बालगृहात तो बाकाच्या टोकाला बसला
आणि मी काही विचारायच्या आत म्हणून टाकलं,
बेचा पाढा म्हणावा तसं:
आई वारली बाप नाही पुलाखाली होतो पोलिसांनी आणलं बस.
अकरा जणांना सांगून झालं होतं त्याचं.
मी बारावी झाले नाही.
पिशवीत मोड आलेले वाल होते, रात्रीच्या बिरड्याचे,
ते काढून सोलायला बसले.
थोड्या वेळानं त्यानंही मूठभर घेतले.

तिसऱ्या मंगळवारी, वालाकडे बघतच:
सगुणाचा दात आला का?

सगुणा बहीण. अंदाजे सहा.
तिला मुलींच्या संस्थेत ठेवलेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला.
दोन बस बदलून गेले.
तिनं आ केला.
अर्धा आलाय, जरा तिरका, कडा करवतीसारख्या.
सर्ज्यानं विचारलंय, म्हटलं.
कोण सर्ज्या? म्हणाली,
आणि मग हसली. गंमत होती.
त्या "आणि मग"ला किती वेळ लागला
ते मी अहवालात लिहिलं नाही.

सुनावणीत मॅडम म्हणाल्या, थोडक्यात सांगा बाई.
मी आयुष्यभर खिडकीच्या आतून बोललेली,
उभं राहून बोलायची सवय नाही.
मुलाची इच्छा या रकान्यावर बोट ठेवलं:
त्याला बहिणीचा दात बघायचाय.
कुणी हसलं नाही. पंख्याखाली कागद फडफडत होते.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
महिन्यातून दोन भेटी. आणि दोघांना एकत्र घेणारं घर शोधा.

शोधा म्हणणं सोपं.
मुलगी चालेल हो, पण मुलगा मोठा आहे,
हे मी सात सोफ्यांवर बसून ऐकलं,
सात कप चहा.

आठवं घर कन्नमवार नगरातलं, हडकरांचं.
तो फ्रिज दुरुस्त करतो, ती पोळीभाजी केंद्र चालवते.
ती म्हणाली, दोघं भांडतात का?
खूप, मी म्हटलं.
मग ठीक, म्हणाली.

वरच्या मजल्यावरून लोखंडी पलंग उतरला.
मुमताज शिंप्यानं गणवेशाचे पैसे पुढच्या महिन्यावर ढकलले,
अजून ढकलतोय.
सेक्रेटरीनं आधी हरकत घेतली, लेखी;
मग त्याच्या टीमला विकेटकीपर हवा होता.

परवा शाळेचा फॉर्म आला.
हडकरबाईंनी मला बोलावलं, तुम्हाला येतं हे.
जन्मतारीख. छोटे चौकोन, आठ.
मी सर्ज्याला विचारलं, काही आठवतं?
आई म्हणायची, त्या दिवशी
रस्त्यावर कापलेले पतंग पडले होते, खूप.

बस. एवढाच पुरावा.
मी पेन्सिल घेतली, पेन नाही,
आणि हलक्या हातानं भरलं: चौदा, शून्य एक.
वर्षावर थांबले, बोटं मोजत.
समितीला विचारायचं, डॉक्टरांच्या दाखल्याशी ताडायचं,
सगळं बाकी होतं.

तेवढ्यात सगुणा टेबलावर ओणवी झाली,
पूर्ण आलेला दात दाखवत:
माझी पण तीच लिहा.